हात केला की थांबायचं

प्रणितानं पिवळी स्पोर्ट्स कार दारात आणली तेव्हा तिच्या आईनं, ठकुबाईनं, ती पुढून-मागून बघितली आणि विचारलं, "बाकीची गाडी मागनं येणार हाय का?" बिचारीचं काय चुकलं? दोनच माणसं बसणार, डिकीत तांदळाचं पोतं मावायचं नाही, आणि बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच. प्रणिताचा बाप कल्लाप्पा मात्र चपला घालून बाहेर आला. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायरवर हात ठेवून बघितला आणि आत जाऊन पेपर उघडला. उघडला म्हणजे नुसता उघडलाच.

कल्लाप्पाची हयात सरकारी बसच्या स्टिअरिंगमागं गेली होती. निपाणी, चिकोडी, संकेश्वर हा त्याचा मुलूख. घरात मराठी, स्टँडवर कन्नड आणि रस्त्यावर दोन्ही भाषांतल्या शिव्या, असा सगळा कारभार. रिटायर झाल्यावर लेकीनं आग्रहानं दोघांना शहरात, बनशंकरीच्या आपल्या घरी आणलं. इथं आल्यावर एकदा तो दूध आणायला तिची जुनी गाडी घेऊन गेला आणि गल्लीतल्या खांबाला दार घासून आला. खांब दिसलाच नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि गड्यानं तो अंगावरच काढला होता. मग ऑपरेशन झालं. "आता खुशाल गाडी चालवा," असं डॉक्टरांनी सांगितलं. पण प्रणिताच्या मनातला खांब काही जागचा हलेना.

गाडीच्या किल्ल्या तिच्या पर्समध्ये गेल्या त्या गेल्याच. "आप्पा, इथलं ट्रॅफिक वेगळं असतं," असं ती म्हणायची आणि कल्लाप्पा "सरी", म्हणजे बरं, म्हणून बाजूला व्हायचा. मागायचा त्याचा स्वभाव नव्हता. पण बसभर माणसं ज्याच्या भरवशावर घाट उतरली, त्याला पोटच्या लेकीनं चार चाकं द्यायला भ्यावं, हे त्याला आतून खात होतं. मेलो तरी चालेल पण विचारणार नाही, अशी जात असते काही माणसांची. त्यांच्यापायी घरच्यांचेच हाल होतात.

एका रविवारी प्रणिता म्हणाली, "आप्पा, चला. रेस ट्रॅकवर जाऊ."

"मी येऊन काय करू गं? टाळ्या वाजवू?"

"चला तर खरं."

आनेकलच्या पुढं, निलगिरीची झाडं संपल्यावर तो ट्रॅक होता. प्रणिताच्या क्लबातली मंडळी आपापल्या गाड्या घेऊन जमली होती. शर्यत वगैरे काही नव्हती. परेड लॅप्स होत्या, म्हणजे सरळ मराठीत गाड्यांची मिरवणूक. पुढं आयोजकाची गाडी, मागं बाकीच्यांनी एका रांगेत चालायचं. कुणी कुणाला ओव्हरटेक करायचं नाही आणि कितीही मोह झाला तरी रांग मोडायची नाही. शहरात दुसऱ्या गिअरच्या वर न गेलेल्या या महागड्या गाड्यांना जरा पाय मोकळे करायला मिळावेत, एवढाच हेतू. आयोजक अरविंद मूळचा पुण्याचा. त्यानं नियम इंग्रजीत सांगितले, हिंदीत सांगितले आणि कल्लाप्पाकडं बघून मराठीतही सांगितले. "काका, एन्जॉय करा. फक्त हेल्मेट काढायचं नाही."

सकाळच्या फेऱ्या प्रणितानं मारल्या. कल्लाप्पा डावीकडं हेल्मेटात डोकं कोंबून बसला होता. रस्ता एवढ्या खालून त्यानं जन्मात बघितला नव्हता. लेक गाडी छान चालवत होती. गिअर वेळेवर टाकत होती, क्लचवर उगाच पाय ठेवत नव्हती. हे तिला सांगावं असं त्याला फार वाटलं, पण कौतुकाच्या बाबतीतही गडी मुलखाचा कंजूष.

जेवणं झाली. दुपारच्या फेऱ्यांसाठी गाड्या रांगेत लागल्या, आयोजकाच्या गाडीमागं पहिलीच पिवळी. प्रणिता डावीकडं जाऊन बसली आणि म्हणाली, "बसा आप्पा. तुम्ही चालवा."

कल्लाप्पानं तिच्याकडं बघितलं. चेष्टा नव्हती. त्यानं तळवे पँटला पुसले, सीट पुढं घेतली, तिन्ही आरसे आपल्या डोळ्यांना लावून घेतले आणि स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला नेला. मग त्यानं गाडी सुरू केली.

पहिली फेरी तो बेतानंच चालला. असा रस्ता त्याच्या बापजन्मात नव्हता. खड्डा नाही, म्हैस नाही, समोरून येणारं कुणी नाही. पहिल्या आंधळ्या वळणावर त्यानं सवयीनं लांबलचक हॉर्न दिला आणि प्रणिता फिस्सकन हसली.

"आप्पा, समोरून कोण येणार?"

"यायचं झालं तर?"

दुसऱ्या फेरीत गाडी चौथ्या गिअरात गेली. इंजिनाचा आवाज त्याच्या बरगड्यांत घुमायला लागला आणि कल्लाप्पाच्या तोंडून "आयला!" निघालं. प्रणिता त्याच्याकडंच बघत होती. तिनं एका हातानं दाराची मूठ आवळून धरली होती, तरी चेहऱ्यावर हसू होतं.

आणि तिसऱ्या, शेवटच्या फेरीत घोटाळा झाला.

ट्रॅकच्या लांबच्या टोकाला, एकुलत्या एका झाडाखाली, मार्शल उभा होता. प्रत्येक वळणावर असा एकेक माणूस लक्ष ठेवायला असतो. याचं नाव बसवंत. शेवटच्या फेरीला या लोकांनी गाडीवाल्यांना हात करायचा आणि गाडीवाल्यांनी उलट हात करायचा, अशी तिथली रीत. सकाळी इतरांनी तेच केलं होतं, पण तेव्हा कल्लाप्पा लेकीचे पाय कुठल्या पेडलवर आहेत ते बघण्यात गुंग होता. आता बसवंतानं हात वर केला. पायाशी डब्याची पिशवी, डोक्यावर झाडाची सावली, वर केलेला हात.

कल्लाप्पानं काही विचार केला नाही. विचार करायला वेळच कुठं होता? आरसा बघितला, डावा इंडिकेटर दिला, वेग उतरवत उतरवत गाडी कडेला घेतली आणि बसवंताच्या पुढ्यात अलगद उभी केली. मग प्रणिताच्या अंगावरून खिडकीकडं वाकून त्यानं कन्नडमध्ये विचारलं, "यल्लिगे?"

म्हणजे कुठं जायचंय!

बसवंत हात वर धरूनच उभा राहिला. शेवटी तोही कन्नडमध्येच म्हणाला, "सर, मला कुठं जायचं नाही. मी ड्यूटीवर आहे."

मागं सगळी मिरवणूक थांबली होती. लाल, निळ्या, काळ्या, एकीपेक्षा एक महाग गाड्या ओळीनं उभ्या होत्या. अरविंदाची गाडी मात्र एकटीच पुढं निघून गेली होती. तिला अख्खा ट्रॅक फिरून रांगेच्या शेपटाला यावं लागलं. तिथून तो घामाघूम होऊन पळत आला.

"काका, अहो ट्रॅकवर असं थांबायचं नसतं! मागून कुणी धडकलं असतं म्हणजे? प्लीज, प्रणिता, तू घे गाडी."

अरविंदाचं काही चुकलं नव्हतं. कल्लाप्पालाही ते पटलं होतं, म्हणून तर जास्त लागलं. तो मुकाट्यानं उतरला. मागच्या गाडीत कुणीतरी हसलं, बहुतेक दुसऱ्याच कशाला तरी, पण त्यानं ते आपल्या नावावर मांडून घेतलं. डावीकडं बसून त्यानं बेल्ट लावला. संपलं, त्याच्या मनात आलं. आता ही जन्मात गाडी देणार नाही, आणि का द्यावी?

प्रणितानं फेरी पुरी केली. निरोपाचा चहासुद्धा न घेता तिनं गाडी फाटकाबाहेर काढली. थोडं पुढं गेल्यावर ती कडेला थांबली, खाली उतरली आणि वळसा घालून बापाच्या दाराशी आली.

"उतरा. आता इथून तुम्ही चालवायची."

"डोकं फिरलं काय तुझं? हा काय ट्रॅक हाय? पुढं बोम्मसंद्र्याची गर्दी हाय, होसूर रोडचं ट्रॅफिक हाय!"

"म्हणूनच." तिनं दार उघडून धरलं. "आप्पा, मी तुम्हाला इथं लाड करायला आणलं नव्हतं. परीक्षा घ्यायला आणलं होतं. त्या खांबापासून मला फार भीती बसली होती. तुम्हाला काही झालं असतं तर, हेच डोक्यात यायचं. रस्त्यावर गाडी द्यायची हिंमत होत नव्हती आणि तुमचा पडलेला चेहराही बघवत नव्हता."

कल्लाप्पा खाली बघत म्हणाला, "मग झालो की नापास."

"झालात ना! ट्रॅकवर साफ नापास. पण मी मागं वळून बघत होते. तुम्ही इंडिकेटर एवढा आधी दिलात, वेग एवढा हळू उतरवलात, की मागच्या एकालाही कचकन ब्रेक मारावा लागला नाही. एवढ्या चौथ्या गिअरच्या मस्तीत तुम्हाला कडेचा माणूस दिसला, आप्पा. मला तर दिसलाच नाही."

कल्लाप्पानं बेल्ट सोडला. डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणावं, तर डोळे आता अगदी स्वच्छ झाले होते. तो उतरला, पलीकडं गेला आणि सीट पुढं घेतली.

बोम्मसंद्र्याला रविवार असूनही कारखान्यांची पाळी सुटली होती. बस, टँकर, उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटारसायकली, मध्येच दोन गाई. रिक्षावाले या पिवळ्या गाडीला बघायला म्हणून मुद्दाम घासून जात होते. पिवळी गाडी दुसऱ्या गिअरात रांगत होती. प्रणिताचा उजवा पाय, पुढं काही आलं की, नसलेला ब्रेक दाबत होता. "आप्पा, टँकर." "बघितला." "आप्पा, तो रिक्षावाला." "त्यानं पण मला बघितलंय." मग तिचं बोलणं हळूहळू कमी झालं आणि फ्लायओव्हरच्या अलीकडं थांबलंच.

रुसली की काय, म्हणून सिग्नलला त्यानं हळूच डावीकडं नजर टाकली. लेक झोपली होती. मान खिडकीकडं कललेली, तोंड अर्धवट उघडं, हात मांडीवर सैल पडलेले.

सिग्नल सुटला. कल्लाप्पानं क्लच इतका सावकाश सोडला की तिची मान जरासुद्धा हलली नाही. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले, तरी तो बनशंकरीपर्यंत तसाच, तिला जाग येणार नाही अशा बेतानं गेला.