भाषांतराच्या कचेरीतली पातेली

मित्रांनो, माझ्या बुडाकडे बघून हसू नका. आधीच मी लाजेनं अर्धमेली झाले आहे. मी एक जुनी पातेली. भाषांतराच्या कचेरीत पातेलीचं काय काम, असं तुम्ही विचाराल. सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझं बूड चांगलं जाडजूड, तांब्याचं होतं. मालकीणबाईंनी मला कचेरीत आणलं तेव्हा सगळ्यांनी केवढं कौतुक केलं! पुढे हिशेबनीसकाकांनी मला चहाला जुंपलं. मला गॅसवर ठेवून ते आकडेमोडीत गढून जायचे, चहा आटून करपायचा आणि मग ते मला सुरीनं खरवडायचे. माझं बूड एका जागी पार झिजलं. कुणी उलटं करून पाहिलं नाही.

एकदा एक आजी आल्या. जन्मभर स्वयंपाकीण म्हणून राबलेल्या. आपल्या पाककृती त्यांनी कोरियन भाषेत लिहून काढल्या होत्या. त्यांची नात दूरदेशी वाढलेली, तिला फक्त स्पॅनिश येई.

"फोनवर आम्ही दोघी नुसत्या हसतो हो," आजी म्हणाल्या. "माझ्या हातची चव तरी तिला कळू दे. मी आहे तोवर करा."

मालकीणबाई स्वयंपाकातलं जाणणारा भाषांतरकार शोधू लागल्या. त्यांची परीक्षाच न्यारी! उमेदवारानं आजींच्या मुळ्याच्या रश्श्याची कृती स्पॅनिशमध्ये लिहायची आणि ती वाचून काकांनी माझ्यात रस्सा रांधायचा. काकांना स्पॅनिश उत्तम येई, स्वयंपाक मुळीच नाही. त्यामुळे चूक लगेच उघडी पडे. पहिल्याच्या कृतीनं पेज झाली, दुसऱ्याचे मुळे दगडासारखे राहिले.

मग आल्या चष्मेवाल्या बाई. लिहिण्याआधीच त्यांनी विचारलं, "भांडं कसलं आहे?"

"भांड्याचं राहू द्या, तुम्ही शब्द बघा," मालकीणबाई म्हणाल्या.

रस्सा करपला. चष्मेवाल्या बाईंनी मान खाली घालून पिशवी उचलली. अहो, थांबा, दोष माझ्या बुडाचा आहे, असं ओरडावंसं वाटलं मला. पण मी पडले पातेली! शरमेनं नुसती धुमसत राहिले.

माणूस मिळत नाही, असं आजींना कळवायचं ठरलं. तेवढ्यात काकांनी माझ्यात दूध तापवलं. तेही करपलं.

"अहो बाई," काका म्हणाले, "दुधाचं तर कुणी भाषांतर केलं नव्हतं!"

तेव्हा कुठे मला उलटं केलं गेलं. मालकीणबाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"त्या विचारत होत्या, आणि मीच त्यांना गप्प केलं," असं म्हणत त्यांनी स्वतः फोन लावला.

चष्मेवाल्या बाई आल्या. नवी पातेली आली. त्याच कागदावरून काकांनी पुन्हा रस्सा केला. बोलावून घेतलेल्या आजींनी एक घोट घेतला आणि रुमालानं डोळे पुसले.

"हा तुम्ही केलात, काका? मग माझ्या नातीला नक्की जमेल!"

सगळे खो खो हसले. मी मोरीत गळक्या नळाखाली बसून ऐकत होते.

मित्रांनो, भांडी घासताना एकदा उलटून बघत जा रे. आमचं बूड गेलं तरी आम्हाला सांगता येत नाही, आणि बोलणी भलत्यालाच बसतात.