पुन्हा जुनी सिस्टीम

माउसचा बाण अजूनही पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात जाई. तिथे आता काहीच नव्हतं. कॉम्प्युटरच्या नव्या सिस्टीमने सुरुवातीचं बटण मधोमध नेलं होतं. बाण कोपऱ्यात क्षणभर थरथरे आणि चुकीच्या दारातून परतावं तसा मागे फिरे.

"चांगलं चाललं होतं की! कुणी सांगितलं होतं बदलायला?" नवरा करवादला. आयुष्यभर त्याने घरी बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढले होते.

"नाचता येईना बाबा, म्हणून अंगण..." मुलगी हसली. सिस्टीम तिनेच घातली होती.

"वाकडंच आहे. सरळ करून दे."

बायकोही सगळ्यांना तेच सांगे, नवी सिस्टीम आहे, हात बसायला वेळ लागतो. एका नकाशात जिना भिंतीत जाऊन संपला, तेव्हा तिने काम पाठवणाऱ्या इंजिनियरला हेच सांगितलं. पुढच्या नकाशात तुळईखालचा खांबच राहून गेला, तेव्हाही हेच. बांधकाम सुरू होण्याआधी इंजिनियरच्या नजरेस पडलं म्हणून निभावलं. तपासायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, असं शाळेत मुलांना सांगून तिचा घसा बसला होता. घरात मात्र तिने ते करून पाहिलं नव्हतं.

रविवारी मुलीने जुनी सिस्टीम परत घातली. "घ्या बाबा, तुमचं अंगण."

तो खुशीत खुर्ची ओढून बसला. बाण सरळ डाव्या कोपऱ्यात गेला, बटण दाबलं गेलं, अर्धवट राहिलेला नकाशा उघडला. बायकोच्या जिवात जीव आला.

तो पडद्याकडे बघत राहिला.

"अगं, हा कुणी काढलाय?"

"तुम्हीच. परवा," बायको म्हणाली.

"उगीच काहीतरी." त्याने एका रेघेवर बोट ठेवलं. "ही भिंत आहे का?"

मुलगी हसायला गेली आणि आईचा चेहरा बघून थांबली. हाताला सगळं आठवत होतं. त्याला नाही.

फोन वाजला. इंजिनियर होता. "काय वहिनी, बसली का सिस्टीम? दुमजली घराचं काम आलंय. पाठवू ना?"

नवरा मान वळवून तिच्याकडे बघत होता. पलीकडच्या खोलीत जाऊन बोलता आलं असतं. ती गेली नाही.

"सिस्टीमला काही झालं नव्हतं, भाऊजी," ती म्हणाली. "ह्यांना यापुढे काम पाठवू नका."