साळूबाईचं रिजेक्ट

"काय मंग, साळूबाई? शहागडवाले हो म्हनून बसले. तुमचं काय ते जल्दी सांगा."

साहेबराव मुकादम पुन्हा टेबलापाशी येऊन गेला आणि साळूबाईच्या हातून चांगला दाणाच वाईटाच्या टोपलीत पडला. शहागडच्या स्थळातला मुलगा मुकादमाचा भाचा. बियाण्याच्या कारखान्यातलं तिचं निवडायचं कामही मुकादमाच्याच हाती. आणि लेक, बेबीनंदा, काल पाहुणे गेल्यावर चूल पेटवता पेटवता म्हणाली होती, "दोनदा चालून दाखवाय लावलं, आई. बैल घेऊन राह्यले का? मी न्हाई जायची त्या घरी."

सकाळपासून साळूबाई एकच विचार करत होती. नाही म्हणावं तरी कसं? मुलाकडचे 'कळवतो' म्हणतात, 'योग नाही' म्हणतात. मुलीकडच्यांनी वाट पाहायची, एवढंच. त्यांच्या तोंडी नकाराचा शब्द कुणी ठेवलेलाच नव्हता. त्यात पोरीला बाप नाही. पत्रिकेवर ढकलावं, तर ती मुकादमानंच जुळवून आणलेली.

समोर मक्याचं बी पसरलेलं होतं. शेतात असताना तिच्याकडे वाईट दाण्याला किती नावं होती! पोचट, किडका, फुटका, डागी. इथं सगळ्यांना मिळून एकच, रिजेक्ट. पोतं उसवलं, रिजेक्ट. बाई उशिरा आली, रिजेक्ट. मागच्या साली बेबीनंदाचं पहिलं स्थळ मोडलं, तेव्हा हाच मुकादम साऱ्या बायांदेखत हसत म्हणाला होता, "रिजेक्ट केली म्हने पोरगी." साळूबाई तेव्हा मान खाली घालून निवडत राहिली होती. आज ते आठवलं आणि तिला फार राग आला. मुकादमाचा आणि स्वतःचाही.

मुकादम परत आला. "बोला."

साळूबाई उठून उभी राहिली. "भाऊ, तुमचा भाचा रिजेक्ट."

बायांचे हात जागीच थांबले.

"काय म्हनल्या?"

"बराबर ऐकलं तुमी. पोरीला पसंत न्हाई."

मुकादमाचं तोंड काळंठिक्कर पडलं. "मंग निघा. आत्ताच. उद्या यायचं बिलकुल काम न्हाई."

"बरं," ती म्हणाली. आणि फाटकाकडे चालू लागली.

कुणी बियाणं नेऊ नये म्हणून फाटकावरचा रखवालदार रोज बायांना पदर झाडायला लावी. भरदुपारी ती एकटीच आलेली पाहून तो बाजूला झाला. "जा, मावशी."

साळूबाई थांबली. कमरेला खोचलेला पदर तिनं सोडला आणि त्याच्या समोर दोनदा नीट झाडला.

एक दाणाही पडला नाही.