सर्वपित्रीची तारीख

सोनाबाईने पदराचा आडोसा करून नवऱ्याची लघवीची पिशवी कापडी थैलीत सरकवली, नळीला कुठे मुरड पडली नाही ना ते चाचपलं आणि थैलीचे बंद त्याच्या हातात दिले. कोंडाजीने ते न बघताच धरले. एसटी खालापूरकडे निघाली तेव्हा त्याने थैली दोन पायांमध्ये घेतली आणि वर धोतराचा सोगा ओढला. बघणाऱ्याला वाटावं, माणूस बाजार करून चाललाय.

पोशीरहून दर महिन्याला असं यायचं, नळी बदलून घ्यायची आणि ऑपरेशनची तारीख विचारायची. ट्रस्टचं हॉस्पिटल. पैसे पडत नव्हते, पण प्रोस्टेटचे मोठे डॉक्टर मुंबईहून क्वचित यायचे आणि नंबर लावलेले पुष्कळ. दिवाळी गेली, संक्रांत गेली. कोंडाजी शेतावर जाईनासा झाला. भजनातही बसायचा नाही. हे अंगाला लावून देवापुढं कसा बसू, असं एकदाच म्हणाला होता. बाकी सगळा राग हॉस्पिटलवर. वशिल्याशिवाय काही होत नाही, गरिबाला झुलवतात, असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. तो बोलायला लागला की सोनाबाई चुलीतलं लाकूड उगीच पुढे सारायची.

आज हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसल्यावर तिने डोळे मिटून बोटांच्या पेरांवर जप धरला. सकाळी तुळशीला पाणी घालताना राहिलेला.

"काय कोंडाजीभाऊ, दुधाची पिशवी अजून चालूच काय?"

नेरळचा घड्याळवाला बद्रुद्दीन समोर उभा होता. मागून त्याची बायको शकिला. पावसाळ्यात याच बाकड्यावर दोघा पुरुषांनी एकमेकांच्या पिशव्यांवरून भरपूर थट्टा केली होती. एवढ्या महिन्यांत कोंडाजी हसला असेल तो बहुधा तेव्हाच. आता बद्रुद्दीनचे दोन्ही हात मोकळे होते. सदरा नीट खोचलेला, चाल हलकी. ऑपरेशन होऊन गेलं, आज नुसतं दाखवायला आलोय, असं तो म्हणाला, आणि कोंडाजीचा चेहरा पाहून मधेच थांबला.

"कवा झालं?"

"झालं की. तुमच्या पितरांच्या दिवसांत."

कोंडाजीने थैली पायाने बाकड्याखाली ढकलली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "आमच्या मागनं नाव लावलं नि आमच्या पुढं गेलं. वशिला मोठा हाय तुमचा, बद्रुभाय. आमाला बी सांगा, कुनाचे पाय धरायचे ते."

बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली. खोचलेला सदरा पुन्हा खोचत बद्रुद्दीन भिंतीकडे पाहत राहिला.

सोनाबाईचा अंगठा पेरावर थांबला.

पितरांच्या दिवसांत हॉस्पिटलचा फोन आला, तो तिनेच घेतला होता. कोंडाजी ओटीवर झोपला होता. उद्या या, एक जागा रिकामी आहे, असं सिस्टर म्हणाली होती. उद्या सर्वपित्री अमावस्या. सासऱ्यांचं पान ठेवायचं होतं, कावळ्याला घास द्यायचा होता, आणि अमावस्येला माणसाच्या अंगाला शस्त्र लावायचं? तिने एका श्वासात नको म्हणून टाकलं. पुढची द्या, म्हणाली. पुढची म्हणजे थेट शिमग्यानंतर, हे तिला मागाहून कळलं. दुसऱ्या दिवशी कावळा पटकन शिवला तेव्हा तिने समाधानाने हात जोडले होते. आठवड्याने नळी तुंबली. कोंडाजी गुरासारखा ओरडला. तिला तेव्हाच सांगता आलं असतं. तिने देवापुढे दिवा लावला आणि एक सोमवार जास्तीचा धरला.

"भाऊ, असं नका बोलू." शकिला पुढे झाली. "वशिला कसला? आमाला तर शिमग्यानंतरचीच तारीख होती. संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. म्हनाली, एका पेशंटच्या घरच्यांनी अमावस्या हाय म्हनून नको सांगितलं, तुमी येता का? आमी रातोरात निघालो. ते माणूस कोन, आमाला ठाव नाय. पण एक नमाज चुकत नाय, त्याच्यासाठी मी दुवा मागते. अल्ला त्याचं भलं करो म्हनते."

कोंडाजी वळला नाही. मान खाली घालून तो फरशीकडे पाहत बसला. अमावस्या पाळणारी घरं तालुक्यात पुष्कळ असतील. पण तेवढ्यात त्याचा हात बाकड्यावरून सरकत आला आणि सोनाबाईच्या पदराच्या टोकाशी येऊन थांबला. तिने अंग चोरून घेतलं.

"बद्रुभाय," तो म्हणाला. "बसा हितं."

बद्रुद्दीन बसला.

"ते नको म्हननारा मीच. ऑपरेशनचं भ्या वाटलं, म्हनून अमावस्या पुढं केली. आन् आज तुमाला बोल लावला. माफी करा."

बद्रुद्दीनने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाला की भीती त्यालाही वाटली होती, टेबलावर जाईस्तोवर पळून जावंसं वाटत होतं. दोघे म्हातारे खाली बघत हसले. बाकड्यावरची माणसं पुन्हा आपापल्या कामाला लागली. सगळं मिटलं होतं. सोनाबाईने काही बोलायची गरजच उरली नव्हती.

शकिला तिच्याजवळ येऊन टेकली. तिचे डोळे भरले होते. सोनाबाईचे दोन्ही हात तिने ओंजळीत घेतले.

"बघा ताई, कुनाचं देनं कुठं असतं. आता नाव घेऊन मागीन. कोंडाजीभाऊ. बरोबर ना? असंच हाय ना नाव?"

सोनाबाईने हात सोडवायचा प्रयत्न केला, पण शकिलाने ते घट्ट धरले होते. शेजारी कोंडाजी ऐकत होता. ऐकत नसल्यासारखं करत होता.

"त्यांचं नका घेऊ," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की शकिलाला कान जवळ आणावा लागला.

"मंग?"

"सोनाबाई म्हना."