चालू मागाची दुरुस्ती

कंस मोजताना भाचीचं बोट पडद्यावर टेकलं की आत्याला हसू आवरत नसे.

"मोज, शहाणे, मोज. एखादा पळून गेला असेल!"

कापडाच्या त्या कारखान्यात मागांना नक्षी सांगणारा प्रोग्राम आत्यानेच लिहिलेला, तोही लिस्प नावाच्या, कंसांनी भरलेल्या संगणकभाषेत. आता ती निवृत्त होणार होती. तिच्या खुर्चीवर भाचीला बसवायचं की तयार प्रोग्राम विकत आणून भाचीला नारळ द्यायचा, हे मालक गुरुवारी ठरवणार होते. भाचीने नवी नक्षी एकटीने मागावर चढवून दाखवायची, एवढीच अट. आधीच्या नोकरीत तिने नुसत्या पाट्या टाकल्या होत्या. इथे मात्र सकाळी लिहिलेलं दुपारी कापड होऊन हाताला लागायचं. ही नोकरी तिला मनापासून हवी होती.

आत्याचं शिकवणं म्हणजे चिमटे काढणंच.

"कंस सांभाळायला एडिटर आहे. तू ओळी कुठे आत सरकल्यात ते बघ. आणि वाचायचं आतून बाहेर. आधी आतल्या कंसाचं उत्तर, मग बाहेरच्याचं."

भाचीने एकदा दोन पानं सलग लिहून काढली आणि मग चालवली. अर्थातच काही चाललं नाही.

"अगं, सगळा स्वयंपाक उरकल्यावर मीठ चाखतेस का? एवढंसं लिही, लगेच चालवून बघ, मग पुढचं."

हे भाचीला पटलं. बुधवारपर्यंत तिची नक्षी झकास जमली. घरी जाताना तिने कीबोर्ड पुसला, कॉम्प्युटर शिस्तीत बंद केला आणि स्वतःवरच खूश होऊन निघाली.

गुरुवारी सकाळी मागावरचा कारागीर ओरडत आला. नक्षी ठीक होती, पण उजवा काठ डाव्यापेक्षा बोटभर अरुंद. आणि तोही सगळ्याच मागांवर! भाचीने आपली फाइल तीन-तीनदा तपासली. चूक सापडेना. मग तिने भीत भीत आत्याची काठाची फाइल उघडली.

"आत्या, काठाचं गणित इथे असंच चुकीचं आहे. मग इतकी वर्षं बरोबर कसं येत होतं?"

आत्या वाकून बघू लागली आणि तिचा चेहरा उतरला.

"काल हे मशीन बंद केलंस?"

"हो. घरी जाताना बंद करतातच ना?"

"मी कधी केलंच नाही गं." आत्या खुर्चीत बसली. "काठ बिघडला तेव्हा माग थांबवायला कोणाला वेळ होता? चालू प्रोग्राममध्येच सुधारून टाकलं. या भाषेत येतं तसं करता. फाइलमध्ये लिहायचं उद्यावर टाकलं, आणि तो उद्या काही आला नाही. काल मशीन बंद होताच ती दुरुस्ती पुसली गेली."

शिकवण देणाऱ्या बाईंची ही तऱ्हा! दिव्याखाली अंधार तो हाच. पण भाचीला हसू आलं नाही. आत्याचे डोळे भरले होते.

"ऊठ," भाची म्हणाली. "आठवेल तसं सांग. मी लिहिते."

आत्या आठवून आठवून सांगू लागली. भाची एवढंसं लिही, चालवून बघे. मध्येच आत्याला राहवेना. तिने कीबोर्ड ओढून थेट चालू प्रोग्राममध्ये टाइप करायला घेतलं.

"आत्या! आधी फाइल."

आत्याने मुकाट्याने हात मागे घेतला.

मालक आले तेव्हा कापड मागावरून उतरत होतं. त्यांनी दोन्ही काठ एकावर एक धरून पाहिले. सकाळचा गोंधळ त्यांच्या कानावर गेलाच होता.

"मशीन कोणी बंद केलं होतं?"

"मी," भाची म्हणाली.

"बरं झालं केलं," आत्या पुढे झाली. "नाहीतर मी गेल्यावर कधीतरी बंद पडलं असतं, आणि सांगायला कोणी नसतं. चूक माझी आहे, साहेब."

मालकांनी कापडाची घडी घातली. "मग हिला जमेल म्हणता?"

"मला काय विचारता? सकाळपासून तीच मला शिकवतेय."