दहा वाजताचा घोट

थोरल्याला दारुडा म्हणायला कारखान्यात कुणाचीही जीभ रेटत नसे, आणि धाकटीच्या अंगाचा भडका उडायचा तो नेमका याच गोष्टीने. तिथे त्याला सगळे मास्तर म्हणत. कोटांच्या अस्तराचे साठ-साठ थर उभ्या पात्याच्या मशीनने एका दमात कापायचे आणि रेघेवरून दोराभरही ढळायचं नाही, अशी त्याची ख्याती. सकाळी दहाला आणि जेवणानंतर दोनला तो टेबलाखालच्या फळीवरून स्टीलचा थर्मास काढी आणि पेलाभर दारू घशाखाली उतरवी. ते सगळ्यांना दिसत होतं. पण पलीकडे कुणी खोकल्याचं औषध घेत असावं, अशा बेताने माना दुसरीकडे वळत.

धाकटी म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची बायको. कटिंगच्या खोलीला लागून काचेचं पार्टिशन होतं, त्याच्या अलीकडे बसून ती कापलेले तुकडे तपासायची. घरही एकच, तो वरच्या मजल्यावर आणि हे दोघं खाली. थोरल्याची बायको कधीच कंटाळून माहेरी निघून गेली होती आणि तिने शहाणपणा केला असं धाकटीचं स्पष्ट मत होतं.

आता या सगळ्यात धाकटीचं काय जात होतं, असं कुणी विचारलं असतं तर तिने नवऱ्याचा डावा हात दाखवला असता. अस्तराचं कापड गुळगुळीत असतं, थर एकावरून एक घसरतात. म्हणून मशीन पुढे सरकते तसतसं पात्याच्या पुढ्यात कुणीतरी तळहाताने कापड दाबून धरावं लागतं, पात्यापासून जेमतेम चार बोटांवर. थोरला कापायचा आणि धाकटा धरायचा. बारा वर्षं हेच चाललं होतं. लोखंडी जाळीचा हातमोजा सगळ्या खोलीत एकच, तो मास्तरच्या हातात. दुसऱ्या मोज्याचा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर दोन वर्षं पडून होता.

नवऱ्याला ती बोलून बोलून थकली. त्याचं एकच उत्तर असे. "दादा आहे ना." लहानपणी बाप गेल्यावर दादाने वाढवलं, दादाने शिकवलं, दादाने कामाला लावलं. अशा माणसापुढे डोकं फोडून घेण्यात अर्थ नाही हे कळायला तिला तीन वर्षं लागली. मग ती मॅनेजरकडे गेली.

मॅनेजर हा कुठल्याही भांडणात दोन्हीकडून मान डोलावणारा माणूस. त्याने तिला बसायला सांगितलं, पंखा वाढवला, आणि सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "बाई, तुकडे तुम्हीच तपासता ना?"

"हो."

"तीन वर्षांत मास्तरच्या हातचा किती माल परत पाठवलात?"

एकही नव्हता पाठवला. पाठवायला मिळावा म्हणून तिने कितीतरी वेळा पट्टी लावून लावून मोजलं होतं, आणि दर वेळी तो मेला तुकडा बरोबर निघाला होता.

"मग?" मॅनेजर म्हणाला. "काम चोख आहे. पोटात काय आहे ते मी कशाला बघत बसू?"

"गेटवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, पिऊन आत येऊ नये."

"तो कुठे पिऊन येतो? तो येऊन पितो." आणि स्वतःच्या विनोदावर तो खूश झाला.

"माझ्या नवऱ्याचं बोट तुटलं म्हणजे बघाल का?"

"असं अभद्र बोलू नये," मॅनेजर म्हणाला, आणि पंखा पुन्हा कमी केला.

ही चहाडी संध्याकाळच्या आत थोरल्याच्या कानावर गेली. घरी जिन्यातच त्याने तिला गाठलं. एरवी आवाज न चढवणारा माणूस, त्या दिवशीही चढवला नाही.

"माझ्या पोटावर पाय द्यायला गेली होतीस म्हणे."

"भाऊजी, तुम्ही घरी हवं तेवढं प्या. मी कधी बोलले? पण मशीनवर प्यायची नाही."

"एक तुकडा दाखव बिघडलेला."

"तुकडा बिघडायची वाट बघू? पात्यासमोर तुमचा सख्खा भाऊ हात ठेवतो."

"माझा भाऊ आहे हे तू मला शिकवतेस?" तो एक पायरी खाली आला. "तू या घरात येऊन सहा वर्षं झाली. त्याचा हात बारा वर्षं माझ्यापुढे आहे, एक ओरखडा नाही. तुझ्या दोन्ही हातांवर मिळून भाजल्याचे किती डाग आहेत ते मोज आधी. तू तर थेंबही घेत नाहीस."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण ते खरं होतं. मनगटाजवळचा एक तर कालचाच होता. "दारूत बुडालेल्या माणसाकडून मी स्वयंपाक शिकणार नाही," ती म्हणाली. त्यानंतर तीन आठवडे दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, आणि नवरा दोघांच्या मधे निरोप्यासारखा वरखाली करत राहिला.

पण त्या तीन आठवड्यांत तिचं डोकं स्वस्थ बसलं नव्हतं. सकाळी चहाच्या वेळी वरच्या मजल्यावरून कप बशीवर कडकडा वाजल्याचा आवाज येई. दहाच्या घोटाआधी मास्तरचे हात कसे असतात ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी नऊ ते दहा तो मशीनला हात लावत नसे, कापड पसरून घेई, कापायच्या आकारांचे कागदी नकाशे लावी, कामावरच्या बायकांवर खेकसे. कारखान्याने हेही सोयीस्करपणे त्याच्या शिस्तीच्या खात्यात जमा केलं होतं. ती शिस्त किती आहे ते एकदा मॅनेजरच्या डोळ्यांनी बघू दे, असं तिने ठरवलं. बस्स, एवढंच ठरवलं होतं. मास्तरच्या हाताला कंप सुटलेला मॅनेजरला दिसला की तोच त्याला मशीनवरून उतरवील आणि आपल्याला वेगळं काही बोलावंही लागणार नाही.

सोमवारी थोरला अंघोळीला गेला असताना जिन्याशी चपलांजवळ ठेवलेला थर्मास तिने उचलला, मोरीत उपडा केला, दोनदा विसळला आणि नळाच्या पाण्याने भरून होता तिथे ठेवला. कामावर पोचल्यावर ती मॅनेजरला म्हणाली, "सव्वादहाला कटिंगमध्ये या. एक गोष्ट दाखवायची आहे." तो म्हणाला येतो.

दहा वाजले. काचेपलीकडे थोरल्याने थर्मास काढला, पेला भरला, एका घोटात तोंडात घेतला आणि तसाच थांबला. गिळावं की थुंकावं ते त्याला क्षणभर कळेना. मग गिळलं. पेल्याच्या तळाशी पाहिलं. आणि मान वळवून काचेतून थेट तिच्याकडे पाहिलं.

तिने नजर खाली घातली नाही. उलट हातातला तुकडा बाजूला ठेवला आणि हाताची घडी घातली. कळू दे, तिला वाटलं. आता बसा खाली आणि सांगा सगळ्यांसमोर, मला जमत नाही म्हणून.

तो बसेल असं तिने धरून चालणं, हीच तिची चूक. इतकी वर्षं एका घरात राहून या माणसाची हट्टी जात तिला ओळखता येऊ नये म्हणजे कमाल झाली. थोरल्याने पेला पालथा घातला, जाळीचा मोजा चढवला आणि मशीनचं बटण दाबलं. सारा वेळ तो तिच्याकडेच बघत होता.

टेबलाच्या त्या बाजूला नवऱ्याने कापडावर हात ठेवला, दादाकडे पाहिलं आणि हात उचलला. तो काहीतरी बोलला. मशीनच्या आवाजात ते काचेच्या अलीकडे ऐकू आलं नाही. थोरल्याचं उत्तर मात्र तिला ओठांवरून कळलं. "धर."

नवऱ्याने पुन्हा हात ठेवला.

मशीन कापडात शिरली. पहिली सरळ रेघ गेली. दुसऱ्या रेघेला थोरल्याचा खांदा थरथरला, मग कोपर. तिने दाराकडे पाहिलं, मॅनेजरचा पत्ता नव्हता. दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. उठून जावं, मुख्य बटण बंद करावं, हे तिच्या मनात आलं. स्वच्छ आलं. आणि त्याच्यामागोमाग हेही आलं की आत्ता बंद केली तर मॅनेजर काय बघणार. आणखी चार मिनिटं, फक्त चार.

नवरा ओरडलासुद्धा नाही. तो फक्त मागे सरकला आणि डावा हात उजव्या हातात धरून उभा राहिला, आणि पांढऱ्या अस्तराचे वरचे थर भराभर लाल होत गेले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट.

पुढची धावपळ झाली ती झाली. गाडी आली, नवऱ्याला घेऊन गेली. तिला मॅनेजरने दंडाला धरून थांबवलं, दहा मिनिटं म्हणाला, जबाब हवा, विम्याच्या कागदावर लगेच लागतो. कटिंगच्या खोलीत वीस-पंचवीस जणं गोळा झाली होती. थोरला टेबलाच्या पायाशी जमिनीवर बसला होता. त्याने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते, तरी खांद्यांपर्यंत हलत होते.

"या रकान्यात लिहावं लागतं," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला. "अपघाताच्या वेळी कुणी नशेत होतं का. मी नाही लिहितो. मास्तर, नाहीच ना?"

थोरल्याने मान वर केली. "धाकटीला विचारा," तो म्हणाला. "आज मी काय प्यायलोय ते तिच्याइतकं कुणाला माहीत नाही."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिच्या नखांत नवऱ्याचं रक्त वाळत होतं. तीन वर्षं जो शब्द ती ओरडून सांगत होती आणि कुणी ऐकत नव्हतं, तोच आज सगळे कान देऊन तिच्याकडे मागत होते. खरं बोलायचं तर आज दुसराच शब्द, 'नाही', उच्चारायला हवा होता. तो उच्चारला असता तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर थर्मासमध्ये होतं.

"प्यायले होते," ती म्हणाली. "रोज पितात. आजही प्यायले."

मॅनेजरचा चेहरा पडला, पण एवढ्या लोकांनी ऐकल्यावर त्याचा इलाज नव्हता. थोरला थर्मास उघडून सगळ्यांच्या नाकाखाली धरू शकला असता. त्याने तो नुसता काखोटीला मारला, तिच्याजवळून जाताना थांबला आणि फक्त तिला ऐकू जाईल एवढंच म्हणाला, "ठेव तुझ्याजवळ तुझं खरं." वॉचमनने त्याला गेटबाहेर काढलं तेव्हा अकराही वाजले नव्हते. एवढ्या वर्षांत मास्तर जेवणाच्या सुट्टीआधी गेटबाहेर पडलेला कुणी पाहिला नव्हता.

दवाखान्यात नवरा खाटेवर बसलेला होता. हाताला मनगटापर्यंत पांढरं गुंडाळलेलं. चेहऱ्यावर रंग नव्हता, पण शुद्धीवर होता.

"दादा कुठाय?" त्याने पहिलं तेच विचारलं.

"तुम्ही पडा आधी."

"दादा का नाही आला?"

"त्यांना काढून टाकलं कामावरून." ती स्टूल ओढून बसली. "बरंच झालं. कधी ना कधी होणारच होतं हे. मी सांगत होते तुम्हाला. प्यायलेल्या माणसाच्या हातात..."

"कोण प्यायलं होतं?"

तिने त्याच्या पायांवरचं पांघरूण वर ओढलं.

"दादाच्या तोंडाला आज वास नव्हता," नवरा म्हणाला. "तो मशीनवर वाकतो ना, तेव्हा मला वास येतो. आला की मी हात ठेवतो. बारा वर्षं तसंच ठेवतोय. कधी त्याला घ्यायला उशीर झाला तर मी उगाच कापड नीट करत बसतो, हात घालत नाही. आज वास आला नाही तेव्हा मी म्हटलं, दादा, राहू दे, आज नको."

"मग ठेवलात कशाला?"

"तो धर म्हणाला." नवऱ्याने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "थर्मासमध्ये दारू भरायची राहिली असेल तर तसं सांगायचं ना त्याने. मी धावत जाऊन आणली असती. प्यायला होता असं कोण म्हणालं?"

"मी."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात अजून राग नव्हता, नुसता प्रश्न होता, आणि तो सहन होईना. आयुष्यात कुणापुढे हार न गेलेली ती बाई, पण तिला तिथे एक थापही सुचली नाही.

"थर्मासमध्ये दारू नव्हती," ती म्हणाली. "सकाळी मी ओतून दिली. पाणी भरून ठेवलं. तुमच्या हातासाठीच केलं मी. मॅनेजरला दिसावं म्हणून. त्यांचे हात हलायला लागले तेव्हा मी बघत होते. मला उठता आलं असतं."

पलीकडच्या खाटेवर कुणाचा तरी नातेवाईक जेवणाचा डबा उघडत होता. झाकण निघत नव्हतं म्हणून तो कडेवर चमचा ठोकत होता. नवऱ्याने ते ठोकणं संपेपर्यंत वाट पाहिली. मग त्याने गुंडाळलेला हात उजव्या हाताने उचलला, तिच्या बाजूने काढून पलीकडे भिंतीच्या बाजूला ठेवला.

"दादाला बोलाव," तो म्हणाला.

"ते येणार नाहीत. मी काय तोंडाने..."

"त्याचे हात हलत असतील. येताना वाटेत त्याला लागेल तेवढी दारू घेऊन दे," तो म्हणाला. "आणि तू बाहेर बस."