भरल्या डब्याची लाज

मी एक जुना तीन पुडांचा स्टीलचा डबा आहे. मित्रांनो, माझ्या जातीचे डबे तुमच्या घरोघरी असतील, पण विमानात बसून युरोप पाहून आलेले थोडेच. मला त्याचा अभिमान वाटायला हवा, नाही का? पण खरं सांगतो, मला लाज वाटते. तो विषय निघाला की वाटतं, आपलंच झाकण आपल्या तोंडावर घट्ट लावून गप्प बसावं. आज मात्र सांगून टाकतो.

माझा जन्म वसईजवळच्या गोखिवऱ्यातल्या एका गाळ्यात झाला. पत्र्याची चकती यंत्राखाली जायची, धाडकन आवाज व्हायचा आणि चकतीचं भांडं होऊन बाहेर पडायचं. अशी तीन भांडी एकावर एक चढवली, वर झाकण, बाजूला कड्या, आणि मी तयार झालो. १९९४ साली परुळेकरांनी वसईत एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला, तेव्हा शांताराममामांनी मला वास्तुशांतीची भेट म्हणून आणलं. दुकानदाराने कुर्रर्र करत माझ्या पोटावर नाव कोरलं, 'चि. सौ. सुहासिनीस, मामाकडून'. गुदगुल्या झाल्या, पण मी हललो नाही.

सुहासिनीबाई वसईच्या एका शाळेत शिकवायच्या. त्यांचे यजमान श्रीरंगराव मुंबईत विमा कचेरीत होते. घरात मुलगी अश्लेषा. मालवणकडची माणसं, खाण्याखिलवण्याची भारी हौस! शाळेची सहल असो, कुणाचं बाळंतपण असो, मी भरून जायचो. "सुहासिनीबाईंचा डबा म्हणजे काय विचारता!" असं लोक म्हणायचे आणि ती स्तुती मी स्वतःचीच समजायचो. घरात एक रीत मात्र पक्की होती. कुणाचं भांडं आलं तर ते रिकामं परत धाडायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची.

फ्रान्सिसकाका याच रीतीमुळे घरचे झाले. ते जवळच्या उमेळे गावचे. तरुणपणी बोटीवर स्वयंपाकी होते, म्हातारपणी वाडीतली केळी आणि भाजी सायकलला लावून आमच्या इमारतींतून विकायचे. एकदा बाईंनी त्यांना माझ्यातून घावणे दिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यातून अळूची पानं पाठवली. तेव्हापासून मी एव्हरशाईन ते उमेळे अशा खेपा घालायला लागलो.

२००३ साली श्रीरंगरावांनी युरोपची आठ दिवसांची सहल ठरवली, डिसेंबरात. शेवटचा मुक्काम लिस्बनला होता आणि तिथला एक अख्खा दिवस मोकळा होता. हे ऐकून काकांनी सायकल भिंतीला लावली आणि सरळ आत येऊन बसले.

"बाय, तो दिवस तू मला दे," ते म्हणाले. "दुकानंबिकानं बघू नको. त्या दिवशी नुसतं खायचं."

मग रोज संध्याकाळी बेत रंगायला लागला. बाईंनी परीक्षेचा एक पाठकोरा कागद घेतला. काका सांगायचे आणि त्या लिहायच्या. सकाळी नदीकाठी दुधाअंड्याचं सारण भरलेली मैद्याची गरम गोड वाटी, वर दालचिनी भुरभुरलेली. मग बाजारातला खारवलेला सुका मासा बघायचा, "वास आला की वाटेल, अर्नाळ्यालाच उभे आहोत." मग रस्त्यावर निखाऱ्यात भाजलेली चेस्टनटं, म्हणजे टणक सालीच्या गोडसर बिया, कागदाच्या पुडीतून. ती सोलता सोलता बोटं शेकून घ्यायची. संध्याकाळी कॉफी. किती वाजता कुठे, किती चढाव चालायचा, कुठे बसायचं, सगळं लिहिलं. बाईंनी कधी धडा शिकवायला एवढी तयारी केली नसेल.

दुपारी एकचा रकाना मात्र काकांनी स्वतःच्या हाताने भरला. गोदीमागच्या पायऱ्यांखाली एक लहानशी खाणावळ होती.

"चाळीस वर्षं झाली. मला ताप होता, बाहेर थंड पानी पडत होतं, बोट दोन दिवस हलणार नव्हती. त्या घरच्या म्हातारीने मला बटाट्याचं आणि हिरव्या पाल्याचं सूप पाजलं. पैसे घेतले नाहीत." काकांनी पेन खाली ठेवलं. "मी काय आता जात नाय. तू माझ्या नावाची एक वाटी पी. आणि सूप संपलं की तिथे एक गंमत होते. ती आता सांगनार नाय. येऊन तूच मला सांग."

त्यांनी मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये चार ओळींची चिठ्ठी लिहून दिली. बाईंनी ती पर्समध्ये जपून ठेवली. "काका, तुमची वाटी पिऊनच येईन," त्या म्हणाल्या. मित्रांनो, हा शब्द लक्षात ठेवा.

निघायच्या आदल्या दिवशी श्रीरंगराव म्हणाले, "परमुलखात पोटाला आधार हवा. डबा भर."

बाईंनी भरला. तिखटमिठाच्या पुऱ्या, बेसनाचे लाडू, चिवडा, कोपऱ्यात लसणीची चटणी. इतकं कोंबलं की कड्या लागेनात. मी मनातून फुगलो. म्हटलं, चला, आता साहेबांच्या देशात आपला डंका!

पण सहलीबरोबर आपल्याकडचा आचारी होता. रोज वरणभात, रोज बटाट्याची भाजी. सात दिवस मला कुणी उघडलंच नाही. आठव्या दिवशी सकाळी लिस्बनला बॅग आवरताना श्रीरंगरावांना मी दिसलो.

"अगं, हा जसाच्या तसा! भरलेला डबा घरी नेला तर अश्लेषा हसेल. आणि अन्न टाकायचं नाही, सांगून ठेवतो. आज संपवू."

"आज नको हो," बाई म्हणाल्या. "आज कागदात सगळं..."

"थोडं थोडं खाऊ. कागदातलंही खाऊ. कोण नाही म्हणतंय?"

नदीकाठी ते गोड वाट्यांचं दुकान होतं, दारात रांग. थंडीने नाक लाल होत होतं. रांग पुढे सरकेपर्यंत म्हणून श्रीरंगरावांनी बाकावर मला उघडलं. पाच पाच पुऱ्या झाल्या. रांग सरली तेव्हा गोडाची इच्छा सरली होती. चेस्टनटांच्या गाडीपाशी लाडू निघाले. "ही चेस्टनटं काय, आपल्याकडच्या फणसाच्या आठळ्याच!" असं म्हणून श्रीरंगरावांनी पुडी घेतलीच नाही. बाई दर वेळी म्हणायच्या, "दोनच खाऊ," आणि खायच्या. स्वतःच्या हातचं अन्न फेकणार कसं? मला तोंड असतं तर ओरडलो असतो, अहो, मला मिटा! पण मला उघडणं येतं, मिटणं दुसऱ्याच्या हातात असतं.

दुपारी एकला त्या पायऱ्यांखाली पोचलो. खाणावळ होती! म्हातारी नव्हती, तिची मुलगी होती, तीही साठीची. बाईंनी चिठ्ठी पुढे केली. ती वाचून त्या बाईने छातीवर हात ठेवला. काही न विचारता तिने दोन वाट्या आणून ठेवल्या. वाफाळतं सूप, हिरवा पाला, बाजूला मक्याचा पाव.

श्रीरंगरावांनी पोटावर हात फिरवला. "माझ्याच्याने नाही होणार."

सुहासिनीबाईंनी चमचा उचलला. एक घोट घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याला घशाशी आलं. चिवडा आणि लाडू वरपर्यंत भरले होते, जागाच नव्हती. त्या चमचा धरून बसून राहिल्या. सूप निवलं, वर साय धरली. घरधनीण दोनदा डोकावून गेली. शेवटी तिने पदराला नाही, ॲप्रनला हात पुसले आणि भरलेल्या वाट्या उचलून नेल्या. रागावली नाही. तिचा चेहरा उतरला होता, बस्स. आमच्या कोकणात पाहुणा भरलं ताट सोडून उठला तर घरच्या बाईला काय वाटतं, हे सुहासिनीबाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्या मान खाली घालून बाहेर पडल्या. मी पिशवीत होतो, रिकामा आणि चकचकीत. मी माझं काम चोख केलं होतं, मित्रांनो. त्याचीच मला लाज वाटते.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी काका आले. सायकलची घंटी ऐकूनच बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"प्यालीस?"

"हो काका. फार छान होतं."

"मग? गंमत काय झाली?"

"झाली की! खूप हसलो आम्ही."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं झालं, बाय. बरं झालं." बाईंनी घाईघाईने परदेशातून आणलेल्या चॉकलेटांचा खाऊ माझ्यात भरून मला त्यांच्या हाती दिला. उमेळ्यापर्यंत मी त्या खोट्यासकट गेलो.

नाताळच्या दिवशी मी परत आलो. तिन्ही पुडं भरलेली, दोनांत गरम फुगे, म्हणजे नाताळातले तळलेले गोल पाव, आणि तिसऱ्यात करंज्यांसारख्या नेवऱ्या. बाईंनी झाकण उघडलं आणि तिथेच ओट्याला टेकून रडायला लागल्या. श्रीरंगराव विचारत राहिले, "काय झालं? अगं, काय झालं?" दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन उमेळ्याला गेल्या आणि काकांच्या पडवीत सगळं ओकून मोकळ्या झाल्या. "काका, मी खोटं बोलले. तुमची वाटी मी परत पाठवली."

"मला ठाऊक होतं," काका म्हणाले.

"कधीपासून?"

"तू 'हसलो' म्हणालीस तेव्हाच. तिथे हसन्यासारखं काय नाय. वाटी रिकामी झाली की त्या घरची बाई न विचारता परत भरते. नको म्हटलं तरी भरते. आपल्यासारखंच. मला वाटलं, तू बघशील आणि तुला घरची आठवन होईल. एवढीच गंमत." मग ते हळूच म्हणाले, "पन वाटी रिकामी दिसल्याशिवाय ती तरी काय भरनार, बाय?"

म्हणजे नाताळचे फुगे तळताना त्यांना सगळं माहीत होतं! तरी त्यांनी मला काठोकाठ भरलं. कुणी मला दगडावर आपटलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

मग मी बरीच वर्षं माळ्यावर होतो. प्लॅस्टिकचे रंगीत डबे आले, माझी एक कडी सैल झाली. पण गेल्या वर्षी अश्लेषा शिकायला जर्मनीला निघाली तेव्हा बाईंनी मला खाली काढलं, साबण लावून घासलं आणि पुऱ्या भरल्या. श्रीरंगराव खालच्या पुडातही चिवडा ओतायला लागले, तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरला.

"हे पूड रिकामं जाऊ दे."

"रिकामं भांडं कसं द्यायचं?"

"परत देताना रिकामं देत नाहीत. जाताना जाऊ दे."

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्या डब्याला अडगळीत टाकू नका. घासा, पुसा, प्रवासाला न्या. पण माझी एक विनवणी ऐका. प्रेमाने भरताना आम्हाला गळ्यापर्यंत भरू नका. परक्या गावीही कुणीतरी पळी हातात घेऊन, तुमची वाटी रिकामी व्हायची वाट बघत उभं असतं.